काठीकडे सरकलेली

जुफैरच्या हॉटेलात, तळघरातल्या लाँड्रीत
पहाटे चारला आठ झेंडे आले, चुरगळलेले.
उत्तरेकडच्या लोकांची बैठक होती वर, नवव्या मजल्यावर,
इथल्या सहा देशांशी.
प्रोटोकॉलचा पोरगा म्हणाला, सातच्या आत.
मी वाफ सोडली.

सात झेंड्यांवर फुली होती, पण ती मधोमध नव्हती.
मला वाटलं, शिवणाऱ्याची चूक;
घडी जुळवायला जावं, तर एक बाजू लांब उरायची.
सातव्यापर्यंत येता येता कळलं,
ती मुद्दामच काठीकडे सरकलेली आहे,
जशी पंगतीत थकलेली माणसं
भिंतीला पाठ लागेल अशी सरकून बसतात.
आठव्यावर फुली नव्हती. तांबडं-पांढरं वर्तुळ,
बर्फात बुडणारा सूर्य,
उलटा धरला तर कोण जाणे काय.

सहाला एक बाई जिना उतरून आली,
एका हातात कोट, दुसऱ्यात बटण.
काइसा. तिचं इंग्रजी तुटकं, माझंही,
म्हणून जमलं.
तिचं गाव नदीकाठी. नदीच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा.
या काठावर आठ वाजतात तेव्हा त्या काठावर सात.
नवं वर्ष आम्ही दोनदा करतो, म्हणाली,
आधी घरी, मग पूल ओलांडून मावशीकडे.
आणि पासपोर्ट?
तिने खांदे उडवले. आजोबांच्या वेळेपासून कुणी मागत नाही.
साथीत एकदा कुंपण घातलं होतं,
तेव्हा लोक दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून
जाळीतून गप्पा मारत बसले.

दाताने दोरा तोडताना
मी मुनाफचा विचार करत होते.

मग पोरगा पुन्हा आला, नववा झेंडा घेऊन.
निळा. बारा तारे, गोल धरून बसलेले.
हा कुठे लावायचा, त्याने मलाच विचारलं,
जणू मी त्या घरची थोरली सून.
काइसा हसली. आमच्यातले तिघे त्या मोठ्या घरात राहतात, म्हणाली.
दोघे बाहेर, पण त्या घराचे पुष्कळ नियम पाळतात,
वर्गणीही भरतात,
हात वर करायची वेळ आली की मात्र दाराबाहेर उभे.
आणि हा बिनफुलीचा? तो आत होता.
मासळीवरून बिनसलं, उठून गेला.

मासळीवरून?
मी हर्णैची. म्हटलं, मग तो आमच्यातलाच.

मी तिला एक शब्द दिला: भावकी.
चुली वेगळ्या, पाणंद एक.
एकाने थोरल्या वाड्याशी सोयरीक केली
म्हणून दुसऱ्याने पाणंदीत काटे टाकायचे नसतात.
टाकतात, तो भाग वेगळा.
तिने शब्द तळहातावर लिहून घेतला, तिच्या लिपीत,
भाउकी, दोनदा चुकून.
निळा दाराशी लावा, पोराला म्हणाली,
सगळ्यांना दिसेल, आणि कुणाच्या मध्ये येणार नाही.

ती गेली. बटण घट्ट बसलं होतं.

इथेही पूल आहे. पंचवीस किलोमीटर.
ज्यांचे झेंडे त्या टेबलावर समोरच्या बाजूला होते
ते नुसतं कार्ड दाखवून जातात, शुक्रवारी जेवायला.
पलीकडे दमामच्या बंदरात मुनाफ क्रेन चालवतो.
त्याचा कागद वेगळ्या शेठकडे, माझा वेगळ्या.
मागच्या वर्षी आम्ही दोनदा भेटलो,
दोन्ही वेळा हर्णैत.

संध्याकाळी झेंडे परत आले.
निळ्यावर कॉफीचा डाग, दारातून कुणी घाईत गेलं असणार.
तो भिजत घातला. बाकीच्यांच्या घड्या घातल्या;
लांब बाजू उरते तशी उरू दिली,
ती वाऱ्यासाठी असते, आता मला माहीत आहे.

मुनाफचा फोन आला.
रोज तेच विचारतो, गमतीने:
तुझ्याकडे किती वाजले?
म्हटलं, तुझ्याकडे वाजले तितकेच.